गिट्टी फोडशील!

आमच्या लहानपणी नागपुरातल्या मास्तरांकडे भविष्य सांगायची एकच पोथी होती. गणित चुकलं, संस्कृतचं रूप अडलं, वहीच्या शेवटच्या पानावर मास्तरांचंच चित्र सापडलं, की ते डोळे मिटून सांगत, "गिट्टी फोडशील लेका, गिट्टी!" पुण्यामुंबईकडे हिलाच खडी म्हणतात. पण तिकडची खडी तुरुंगात फोडायची असते. म्हणजे डोक्यावर छप्पर आणि दोन वेळची भाकरी यांची सोय आहे. आमची गिट्टी रस्त्याच्या कडेला, मे महिन्यात, उघड्यावर.

त्या वर्गातून गिट्टी फोडायला निघालेले बहुतेकजण वाटेत डॉक्टर, ओव्हरसियर, विमा एजंट असं काहीतरी होऊन बसले. मी एका बँकेत चिकटलो आणि छत्तीस वर्षांनी तिथून सुटलो. मास्तरांची वाणी खोटी ठरली असं वाटू लागलं होतं, तोच २०१८ साली माझ्या मेहुण्यानं उमरेड रोडला, पाचगावच्या बाजूला, क्रशर घ्यायचं ठरवलं.

मेहुण्यानं तोवर मंडप-डेकोरेशन केलं होतं, दोन ट्रक चालवले होते आणि संत्र्यांच्या एका बागेचा ठेका घेऊन संत्र्यांचा कायमचा तिटकारा संपादन केला होता. त्याचा हिशेब साधा होता. "भाऊजी, मेट्रो बांधून राहिले, पूल बांधून राहिले, डांबरी रस्ते उखडून सिमेंटचे करून राहिले. या साऱ्याले लागते काय? गिट्टी! अन् तुम्ही तं घरी रिकामेच. रविवारी येऊन हिशेब पाहात जा." रिकामेच या शब्दाला माझी हरकत होती. पण आमच्या हिनं "जा हो, तेवढेच पाय मोकळे होतील" असं म्हणून माझ्या वतीनं होकार देऊन टाकला. घरापासून खदान वीसेक किलोमीटर. पाय किती मोकळे करायचे याला काही मर्यादा?

जुना क्रशर बघायला जाणं आणि मुलगी बघायला जाणं यांत फारसा फरक नाही. दोन्हीकडे रंग ताजा असतो. मेहुणा त्या रंगावरच खूश झाला होता. हिरवंगार यंत्र, लाल चाकं, पुढच्या बाजूला लिंबू-मिरची. आमच्याबरोबर मिस्त्री होता. वय साठीच्या आसपास, डोक्याला दुपट्टा, उजव्या हाताची बोटं साडेतीन. तो रंगाकडे बघेना. खिळ्यानं त्यानं चौकटीचा रंग चार ठिकाणी खरवडला आणि खाली वेल्डिंगचे टाके दिसतात का ते पाहिलं. मग यंत्र रिकामंच सुरू करायला लावलं आणि खाटेवर बसून घेतलं. मालकानं चहा मागवला. अर्ध्या तासानं पुन्हा मागवला. तिसऱ्या चहाला मालक म्हणाला, "आता किती पाहता मिस्त्री? चालते तं आहे!" मिस्त्री म्हणाला, "पाच मिनटं तं कोनतंई चालते. बेरिंगले टाइम द्या ना बापा." दोन तासांनी उठून त्यानं बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि आपल्याशीच दहा मोजले. हात निघाला नाही. म्हणजे बेअरिंग ठीक आहे. माझ्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी माझी इतकी चौकशी केली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती, असं ही अधूनमधून म्हणते.

तर यंत्र आलं. ट्रेडच्या भाषेत 'वीस-बारा'. म्हणजे जबड्याचं तोंड वीस इंच रुंद आणि बारा इंच उघडं. यातला एक जबडा भिंतीसारखा उभा, दुसरा मिनिटाला अडीचशे-तीनशे वेळा त्याच्याकडे झुकतो. वरून धोंडा टाकला की तो चावला जात जात खाली सरकतो. खालची फट ठेवाल तेवढी गिट्टी पडते. मग पट्ट्यावरून चाळणीकडे, आणि चाळणीतून चाळीस, वीस, दहा अशा मिलिमीटरच्या जाती वेगळ्या. सगळ्यात खाली पडते ती चुरी. तिच्या धुळीवर पाण्याचे फवारे मारत राहावं लागतं, नाहीतर संध्याकाळी घरी आल्यावर आपण कोण आहोत हे बायकोला ओळख देऊन सांगावं लागतं.

खदानीवर या जबड्याच्या पाट्यांना 'जा प्लेट' म्हणतात. एक फिक्स जा आणि एक हलती जा. मी घरी सांगताना आमच्या हिनं ऐकलं ते 'जाऊ प्लेट'. "म्हणजे एक जाऊ जागची हलत नाही, आणि दुसरी सारखी तिच्या अंगावर जाते, असंच ना?" मी म्हटलं, असंच. "आणि बारीक होतो तो मधला दगड?" मी म्हटलं, होय. "मग यात नवं यंत्र ते काय काढलं?" असं म्हणून ती भाजी फोडणीला टाकायला गेली. हिची मोठी जाऊ धंतोलीत राहते. मी विषय वाढवला नाही.

नवं काय काढलं ते मात्र मी शोधून काढलं. बँकेत दुपारच्या वेळी वाचायची खोड होती, ती सुटलेली नाही. अमेरिकेत न्यू हेवन म्हणून गाव आहे. तिथं कड्या-कुलपांच्या धंद्यातला एली व्हिटनी ब्लेक नावाचा गृहस्थ होता. १८५२ च्या सुमाराला गावच्या लोकांनी मॅकॅडमचा रस्ता करून घ्यायचं काम त्याच्या गळ्यात मारलं. मॅकॅडमच्या रस्त्याला लागते फोडलेली गिट्टी, आणि ती माणसं हातोडीनं फोडत बसत. मॅकॅडमसाहेबानं म्हणे मापच घालून दिलं होतं, की खडा सहा औंसांपेक्षा जड नको. ब्लेकनं ते फोडणं बघितलं आणि कुलपं बाजूला ठेवली. १८५८ साली त्याला जबड्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. आज आमच्या पाचगावला जे धडधडतं ते मुळात तेच. आणि गंमत अशी, की सरकीपासून कापूस सोडवणारा जिन ज्यानं काढला, तो एली व्हिटनी या ब्लेकचा सख्खा मामा. मामानं कापसाचं पाहिलं, भाच्यानं दगडाचं. विदर्भात या दोन्हींखेरीज पिकतं काय?

पण जबड्याला दात हवेत. आपला काळा पत्थर म्हणजे साधी चीज नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा इकडचा काठ नागपूरच्या आसपास संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची. साधं पोलाद त्याच्यापुढे महिनाभरात दंतहीन होतं. ज्या वर्षी ब्लेकला पेटंट मिळालं, त्याच १८५८ साली इंग्लंडात शेफील्डला रॉबर्ट हॅडफील्ड जन्मला आणि १८८२ साली त्यानं मँगनीज पोलाद शोधून काढलं. पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज. त्याचा गुण असा, की ते मुळात फार कठीण नसतं, पण मार खात गेलं की वरून कठीण होत जातं. (आमच्या मास्तरांचा शिक्षणाविषयी हाच सिद्धान्त होता.) म्हणजे दगडच त्याला धार लावतो. लाव्हाचा काठ ओलांडून रामटेकच्या वाटेला लागा, की मनसरला, कांद्रीला मँगनीजच्या खाणी. आमच्या जबड्यातला दात कुठल्याही गावच्या फाउंड्रीत ओतलेला असो, त्याच्या अंगात चार आणे रामटेकचे असतील अशी माझी समजूत आहे.

खरं म्हणजे देशाच्या दगडधोंड्यांची कुंडलीच नागपुरात मांडली जाते. इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स इथं, मॉइल इथं, वेस्टर्न कोलफील्ड्स इथं, राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयही इथंच. एवढे खनिजपंडित एका शहरात नांदत असताना संध्याकाळी सातनंतर जा प्लेटचा एक बोल्ट मिळू नये, याचं मला सुरुवातीला फार आश्चर्य वाटे. आता वाटत नाही. बोल्ट संध्याकाळी सातनंतरच तुटतात, हा त्यांचा धर्म आहे.

सुटे भाग आणायला मी मिस्त्रीबरोबर इतवारीत लोहाओळीला जात असे. माझं काम बिल घ्यायचं, त्याचं काम माल घ्यायचा. मिस्त्रीच्या खिशात लाउडस्पीकरच्या पाठीतून काढलेला एक चुंबक असे, पायजम्याच्या नाडीला बांधलेला. मँगनीज पोलाद चुंबकाला धरत नाही. दुकानदारानं "एक नंबर मँगनीज, साहेब" असं म्हणून पाट्यावर थाप मारली, की मिस्त्री खिशातून तो चुंबक काढून खाली सोडायचा. एका दुकानात तो असा टक्कन जाऊन बसला, की नाडी ताणावी लागली. दुकानदार म्हणाला, "वरची साल धरते भाऊ, आतून चोख हाये." मला वाटलं हा थापा मारतोय. पण मिस्त्री म्हणाला, "खरं हाये, साल धरते कधी कधी. ग्राइंडर आना." कोपरा घासला, पुन्हा चुंबक सोडला. पुन्हा टक्कन. दुकानदारानं जराही ओशाळं न होता विचारलं, "मंग कोनता दाखवू?" नकली मालाच्या मागे असली माल होता, आणि त्याच्यामागे आणखी असली. नागपूरच्या सराफ ओळीत जी कसोटी सोन्याला लागते, ती लोहाओळीत लोखंडाला लागते, एवढंच. भावाची घासाघीस दोन्हीकडे सारखीच.

पाट्याची एक गोष्ट मला फार आवडते. तो खालच्या अंगाला जास्त झिजतो, मग त्याला काढून उलटा बसवतात. पूर्वी शिंपी शर्टाची झिजलेली कॉलर उलटवून देत, तसाच. आमच्या वडिलांच्या पिढीतला असा काटकसरी विचार एखाद्या यंत्रात अजून जिवंत आहे, हे बघून बरं वाटतं.

पट्ट्यांचं उलट. मोटारीवरून चाकावर सहा व्ही-बेल्ट जातात. त्यातला एक तुटला. मी साहजिकच एकाचा भाव विचारला. मिस्त्री म्हणाला, "साहाच्या साहा घ्या." बँकेतली छत्तीस वर्षं माझ्या अंगात उभी राहिली. पाच धडधाकट पट्टे फेकून द्यायचे? तेव्हा त्यानं समजावलं, की जुने पाच वापरून सैल झालेले असतात, नवा एकटाच ताठ. सगळा भार तोच ओढतो आणि आठ दिवसांत जातो. ही गोष्ट घरी सांगितल्यावर आमची ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एकोणीसशे एक्क्याऐंशी साली मी तुमच्या घरात आले, तेव्हा तुमच्या आईला हे कुणी सांगायला हवं होतं."

आता टॉगलविषयी. जबड्याच्या पाठीमागे, खालच्या बाजूला, एक आडवी पाटी असते. हलत्या जबड्याचा रेटा तिच्यावर येतो. ती बिडाची, आणि मुद्दाम बेताच्या ताकदीची. दगडाऐवजी लोखंड जबड्यात आलं, तर यंत्रातलं काहीतरी मोडणारच. ते काय मोडावं, हे करणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. शाफ्ट वाचावा, बेअरिंग वाचावं, चौकट वाचावी, म्हणून ती बिचारी तिथं बसलेली.

२०२१ च्या मे महिन्यात आमची टॉगल एका आठवड्यात दोनदा मोडली. पहिल्यांदा मोठा धोंडा फोडताना घणाचं डोकं दांड्यातून निसटून थेट जबड्यात गेलं. दुसऱ्यांदा पोकलेनच्या बकेटचा दात. दोन्ही वेळा तोफ उडाल्यासारखा आवाज, आणि मग शांतता. खदानीवरची शांतता ही फार महाग असते. एका रस्त्याच्या ठेकेदाराला पावसाळ्याआधी माल द्यायचा होता, रोज दहा ट्रक दारात उभे, ड्रायव्हर झाडाखाली पत्ते खेळताहेत. मेहुण्याचं डोकं फिरलं. तो तडक एका वर्कशॉपमध्ये गेला आणि चांगल्या जाड पोलादी प्लेटची टॉगल कापून घेऊन आला. "आता मोडून दाखवा म्हणा!"

मिस्त्रीनं ती हातात घेतली, उलटसुलट केली, खाली ठेवली.

"हे नाई बसवत मी."

"काऊन? मजबूत आहे ना?"

"म्हनूनच नाई बसवत. हे टागल मराले ठेवलेलं हाये शेठ. याले मजबूत कराल, तं याच्याबदली शाफ मरन."

मेहुणा म्हणाला, पैसे माझे, यंत्र माझं. मिस्त्री म्हणाला, "बरोबर हाये. मंग बसवा तुमी." आणि खाटेवर जाऊन बसला. त्या उन्हात पाचगावला दुसरा मिस्त्री कुठून आणणार? मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जुनी बिलं काढली आणि दोन कागद त्याच्यासमोर ठेवले. एक टॉगलचं बिल. दुसरं शेजारच्या क्रशरवाल्याचं, शाफ्ट आणि दोन बेअरिंगचं, जे त्यानं भाव विचारायला आमच्याकडे धाडलं होतं. त्या दुसऱ्या रकमेत आमच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरतील एवढ्या टॉगल आल्या असत्या. मेहुणा काही बोलला नाही. पण टॉगल पुण्याहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून दुसऱ्या दिवशी सकाळी आली. एक नव्हे, तीन.

तो बदल मी जवळून पाहिला. मिस्त्रीनं बटण बंद केलं, तरी लगेच आत गेला नाही. ती दोन लाल चाकं आपल्याच वजनानं कितीतरी वेळ फिरत राहतात. ती थांबेपर्यंत तो विडी ओढत बसला. मग खोलीत जाऊन त्यानं मेन स्विचमधली तिन्ही किटकॅट उपसली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. खिसा लोंबायला लागला. मी विचारलं, "ती कशाला खिशात? तिथंच ठेवायची की." त्यानं उजवा हात वर केला. साडेतीन बोटं. कुठल्याशा दुसऱ्या क्रशरवर, खूप वर्षांपूर्वी, जबड्यात दगड अडकला म्हणून हा आत वाकला होता. यंत्र बंद होतं. बाहेरून आलेल्या एका नव्या पोरानं, मिस्त्री जेवायला गेला असेल असं समजून, मालक ओरडायच्या आत बटण दाबलं. "पोरगा चांगला होता," मिस्त्री म्हणाला. "माह्यापेक्षा जास्त तोच रडला." मग त्यानं खिसा चाचपून पाहिला आणि जबड्यात उतरला.

चौथ्या दिवशी ड्रिलच्या दांड्याचा तुकडा आला. पुन्हा तोफ. मेहुणा जेवण टाकून धावला. या वेळी तो स्वतः खाली वाकला, शाफ्टला हात लावून बघितला, दोन्ही बेअरिंगना लावून बघितला, चाक हातानं फिरवलं. चाक अलगद फिरलं. कोठीत दोन टॉगल होत्या, त्यातली एक बसली आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पट्ट्यावरून गिट्टी पडू लागली. संध्याकाळी मेहुण्यानं उमरेड रोडवरून सगळ्यांसाठी तर्री-पोहे मागवले. मिस्त्रीला दोन प्लेटा. कारण कुणी बोललं नाही.

त्याची ती पोलादी टॉगल वाया गेलेली नाही. तिच्यावर कामगारांच्या पाण्याचा माठ ठेवलेला आहे. हलत नाही, डुलत नाही. अशा कामाला मजबूत वस्तूच पाहिजे.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी खदानीवर गेलो, तर यंत्राला झेंडूच्या माळा, चाकांना हळदीकुंकू, आणि कोठीतल्या फळीवर गणपतीच्या शेजारी टॉगलचा एक मोडका तुकडा. त्यालाही फूल वाहिलेलं. मी मेहुण्याकडे बघितलं, तो ट्रकवाल्याशी बोलण्यात फार गुंतलेला होता.

पुढे हिशेब तपासायला आलेल्या मुलानं भंगाराचा मेळ लावला. चुणचुणीत पोरगा. म्हणाला, "काका, मोडक्या टॉगल तीन खरेदीच्या बिलांवरून निघतात. भंगारात वजन अडीचचंच दिसतं. उरलेली अर्धी कुठे?"

मी म्हटलं, "फळीवर आहे."

"विकायची नाही?"

"नाही. तिची पूजा होते."

त्यानं पेन थांबवलं. "मग दाखवू कुठे? पूजा खर्चात, की यंत्रसामग्रीत?"

मी मिस्त्रीला विचारलं. तो ग्रीसचे हात पुसत म्हणाला, "कामगारात दाखवा ना सायेब."